साडूंचा गळका टँकर

माझ्या साडूंइतका सत्यनिष्ठ माणूस आख्ख्या वसई तालुक्यात दुसरा झाला नसेल, आणि ही सगळीच्या सगळी सत्यनिष्ठा त्यांनी खेळण्यातल्या ट्रकांवर उधळून टाकली. एरवी ते तुमच्याआमच्यासारखेच. ऑफिसला दांडी मारण्यासाठी त्यांनी आपल्या एकाच काकांना निरनिराळ्या पावसाळ्यांत देवाघरी पाठवल्याचं मला ठाऊक आहे, आणि काका तिकडे नाशकात ठणठणीत होते. पण प्लास्टिकचे ठोकळे पुढ्यात घेऊन ट्रक करायला बसले की साडूंचा हरिश्चंद्र व्हायचा. "खऱ्या गाडीत जे आहे ते इथे पाहिजे, आणि खऱ्या गाडीत जे नाही ते इथे नको," असं त्यांचं ब्रीद होतं. ऐकायला हे फार साधं वाटतं. या ब्रीदापायी आमच्या नातेवाइकांच्या किती दुपारी नासल्या, ते ज्याचं त्याला माहीत.

साडू मुंबईत एका पंप बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते आणि विरार पूर्वेला, चंदनसारला, बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचे. नव्वदच्या दशकात हे ठोकळे आपल्याकडे सहजासहजी मिळत नसत, आणि मिळाले तर त्यांची किंमत ऐकून माणूस पोराला क्रिकेटची बॅट घेऊन द्यायचा. पण साडूंचा ऑफिसातला एक दोस्त वसईजवळच्या गिरीज गावचा होता. त्याचा भाऊ आखातात असायचा आणि नाताळात येताना साडूंसाठी डबे आणायचा. त्या डब्यांत किल्ले, राजवाडे आणि चिलखती सरदार असत. साडूंनी किल्ला एकदाही बांधला नाही. बुरुजांचे ठोकळे त्यांनी ट्रकच्या सांगाड्याला लावले, घोडे पिशवीत भरून माळ्यावर टाकले, आणि सरदारांच्या हातातले भाले काढून घेऊन त्यांना नगरपालिकेच्या नोकरीत रुजू केलं. शिरस्त्राण घातलेला एक सरदार बरीच वर्षं गटार उपसण्याच्या गाडीवर होता.

मुळात ट्रकमध्ये त्यांना फारसा रसच नव्हता. "चार चाकं आणि एक पेटी, त्यात काय? ट्रक कुणीही करील. मागे काय जोडलंय ते बोला," असं ते तुच्छतेने म्हणत. मागे जोडायच्या वस्तूंत त्यांचा प्राण. क्रेन, शिडी, गाळ उचलणारा पंजा, मैला ओढून घेणारा पाइप. नुसतं तसं दिसून भागत नसे, ते चाललं पाहिजे. त्यासाठी डॉक्टरांकडून इंजेक्शनच्या वापरून टाकलेल्या सिरिंजा आणून, उकळून, त्यांत पाणी भरायचं, दोन सिरिंजा सलाइनच्या नळीने जोडायच्या, इकडची दाबली की तिकडची उचलते आणि पंजा मिटतो. घरातला टेपरेकॉर्डर असाच धारातीर्थी पडला. त्यातल्या मोटारीवर क्रेन चालू लागली, आणि माझ्या मोठ्या मेव्हणीची, म्हणजे आमच्या ताईंची, भक्तिगीतं कायमची बंद झाली.

एका रविवारी आम्हाला रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायची शिडीची गाडी बघायला बोलावलं होतं. शिडी उलगडत निम्म्यापर्यंत गेली, थरथरली आणि थांबली. आम्ही चहा संपेपर्यंत वाट पाहिली. शेवटी माझी बायको म्हणाली, "भाऊजी, बिघडली वाटतं."

"बिघडलेली नाही," साडू शांतपणे म्हणाले. "पालिकेची शिडी इथपर्यंतच जाते. मी स्वतः उभा राहून पाहिलंय."

"मग दिवा कसा दुरुस्त होतो?"

"होत नाही," साडू म्हणाले, आणि त्यांनी शिडीवरच्या सरदाराला अलगद उचलून ठोकळ्यांच्या चहाच्या टपरीपाशी ठेवलं.

खरं काय असतं ते बघायला ते कुठेही जात. वसई-भिवंडी रस्त्यावर कामणला गोदामांसमोर ट्रक उभे असतात. एकदा त्यांनी मला तिकडे नेलं, कशासाठी ते न सांगता. तिथे पोचल्यावर खिशातून मोजायची पट्टी काढली आणि ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी एका ट्रकखाली सरपटत गेले. बाहेर फक्त बूट दिसत होते. ड्रायव्हर धावत आला. बूट पॉलिश केलेले बघून हा आरटीओचा माणूस, असं त्याने ठरवून टाकलं. "साहेब, पेपर सगळे क्लिअर आहेत, पहिले चाय घ्या ना," तो मला विनवू लागला. खालून साडूंचा आवाज आला, "हा रॉड वाकलेला का आहे?" ड्रायव्हरने माझ्या हातात घाईघाईने काहीतरी कोंबायचा प्रयत्न केला. मी ते परत केलं. साडूंना यातलं काहीच कळलं नाही. परतताना ते एवढंच म्हणाले, "फार सज्जन माणूस. वाकलेल्या रॉडबद्दल मोकळेपणाने बोलला." पुढच्या आठवड्यात त्यांच्या ट्रकचाही रॉड वाकलेला होता.

हे सगळं चेष्टेवारी नेण्यासारखं होतं, टँकरपर्यंत. टँकरवर मात्र ताई हसत नसत.

त्या इमारतीला नळाचं पाणी नव्हतं. टँकर यायचा, खालच्या टाकीत पाणी पडायचं, आणि ते इतकं थोडं असायचं की पंप लावून गच्चीवर चढवण्याइतकं कधी उरतच नसे. ज्याने त्याने कळशी भरायची आणि जिना चढायचा. ताईंच्या कमरेने तेव्हाच दुखायला सुरुवात केली होती. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग ते कुणी उचलायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. साडू ऑफिसात असताना टँकर यायचा. रविवारी मात्र हॉर्न वाजला की साडू सगळ्यांच्या आधी खाली. आज हे भरतील, या आशेने ताई मागोमाग कळशी घेऊन यायच्या, तर हे टँकरच्या पाठीमागे ओणवे होऊन व्हॉल्व नेमका कुठून गळतो ते बघत असायचे. पाइपाच्या सांध्याला सायकलची ट्यूब कशी गुंडाळली आहे, गोणपाटाचा बोळा कुठे कोंबला आहे, ड्रायव्हर झाकण उघडतो तेव्हा आधी कुठला हात लावतो, सगळं डोळ्यांत भरून घ्यायचे. ताई कळशी भरून त्यांच्या शेजारून जिन्याकडे जायच्या.

आणि घरात चाचण्या. माशांच्या काचपेटीतला छोटा पंप त्यांनी टँकरला बसवला होता. त्यातून खरं पाणी धारेने पडायचं, आणि अर्थातच खऱ्यासारखं गळायचंही. खाली परात ठेवा, असं मी सुचवलं. साडू म्हणाले, "टँकरखाली परात कुठे असते? रस्त्यावर गळलं पाहिजे." स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला, "इथे डाळ शिजवायला पाणी पुरत नाही आणि हे खेळण्याला पाजतायत! रस्त्यावर नाही, माझ्या सतरंजीवर गळतंय ते!"

अशात सोसायटीचा गणपती आला. सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, धोरणी गृहस्थ होते. नळाच्या लाइनचा अर्ज वॉर्डाच्या नगरसेवकांकडे कधीचा पडून होता. त्यांनी मनावर घेतलं तर हमरस्त्यावरून लाइन यायला अवकाश नव्हता. तेव्हा त्यांनाच पाचव्या दिवशीच्या आरतीला बोलवायचं आणि त्यांच्यापुढे पाणीटंचाईचा चालता देखावा ठेवायचा, असा बेत ठरला. काम साडूंकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन त्यांना ट्रक करायला सांगितलं होतं. त्यांनी रजा टाकली. काकांना पुन्हा जावं लागलं.

खाली मांडवात झालेल्या रंगीत तालमीला मी हजर होतो. टेबलावर हमरस्ता, वळण, इमारत, जिना, सगळं हुबेहूब होतं. बटण दाबलं. टँकर गळत गळत आला, वळला, आणि हिरव्या गेटच्या एका टुमदार बंगल्यापुढे थांबला. पाइप खाली आला आणि बंगल्याची टाकी भरून वाहू लागली. मग उरलंसुरलं घेऊन टँकर साडूंच्या इमारतीकडे आला आणि चार थेंब टाकून निघून गेला.

सेक्रेटरी मटकन खुर्चीत बसले. "अहो, हा बंगला कुणाचा?"

"हिरवं गेट आहे. आणखी कुणाचा असणार?"

"काढा तो. त्यांनाच आरतीला बोलावलंय!"

"पण टँकर आधी तिथेच थांबतो."

"थांबतो हे आपल्याला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. दाखवायचं कशाला?"

साडू उठून घरी गेले. दोन दिवस त्यांनी टेबलाला हात लावला नाही. समजूत घालायला मला पाठवण्यात आलं. मी तत्त्वं, व्यवहार वगैरे बरंच बोललो. साडूंनी ऐकूनही घेतलं नाही. ते म्हणाले, "आज रजेवर होतो म्हणून दुपारी जिना उतरत होतो. ही मधल्या वळणावर बसली होती. कळशी बाजूला. मला बघितल्यावर उठली, म्हणाली, काही नाही, पदर सरळ करत होते." मग त्यांनी विचारलं, "टेबल अजून खालीच आहे ना?" आणि जाऊन स्वतःच्या हाताने बंगला उचलून टेबलाखाली ठेवला. उभ्या आयुष्यात त्यांनी ट्रकच्या बाबतीत केलेली ही एकच लबाडी.

पण लबाडीची सवय नसली की ती अर्धवट होते. टँकरचा रस्ता आणि थांबे सगळे दातेरी चक्रांत बांधलेले, ते बदलायचे तर महिना गेला असता. बंगला गेला तरी टँकर तिथे थांबणार आणि पाणी सोडणार ते सोडणारच. सेक्रेटरींनी तोडगा काढला. त्या मोकळ्या जागेवर हिरवा रंगवलेला भुसा पसरला आणि पाटी लावली, 'नियोजित उद्यान'. टँकर थांबला तर बागेला पाणी घालतोय असं वाटेल. स्वतःच्या कल्पकतेवर ते इतके खूश झाले की आरतीत त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

आरती झाली, नारळ झाला, नगरसेवक देखाव्यापुढे आले. बटण दाबलं. टँकर वळला, थांबला आणि बागेला पाणी घालू लागला. नगरसेवकांनी वाकून बघितलं. हा रस्ता, हे वळण, ही कोपऱ्यावरची टपरी. एकेक ओळखीची खूण पटत गेली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे उद्यान कुठशी आलं?" ते म्हणाले. "इथं तर आपला बंगला हाये."

सेक्रेटरींनी घाईघाईने प्रसादाचं ताट पुढे केलं.

"आपल्या बंगल्यावर उद्यानाचं आरक्षण टाकलं कोनी? प्लॅन आला का नवीन? तुमाला कोन बोललं?" नगरसेवक घामाघूम झाले होते. टँकर कुठे थांबतो यात त्यांना काहीच वावगं दिसलं नव्हतं. बंगला नाही, याने त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. तो बंगला कुठल्या कागदावर किती उभा होता, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

तेवढ्यात साडू खाली वाकले. टेबलाखालून बंगला काढला, भुसा हाताने बाजूला सारला, पाटी उपटली आणि बंगला जागच्या जागी बसवला. मग पुन्हा बटण दाबलं. टँकर आला, हिरव्या गेटपाशी थांबला, टाकी भरून वाहिली, आणि चार थेंब इमारतीला देऊन टँकर गेला. मी डोळे मिटून घेतले होते.

"आता बराबर!" नगरसेवकांचा आवाज आला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "गेट तर डिट्टो केलंय वो! गच्चीवरची टाकीपन तीच." त्यांनी स्वतः बटण दाबून पुन्हा बघितलं, मग बायकोला पुढे बोलावून तिला दाखवलं. तिसऱ्या खेपेला त्यांची नजर इमारतीवर गेली. "तुमाला एवढंच पानी पडतं?"

"एवढंच," साडू म्हणाले. "खऱ्यात आहे तेवढंच दाखवलंय."

नगरसेवकांनी बंगल्याच्या गेटवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दिवालीनंतर लाइन टाकून देतो. पन हा बंगला आमाला द्या, शोकेसमध्ये ठेवतो." आणि बंगला बगलेत मारून, सगळ्यांना हात जोडून ते निघून गेले. आमच्या लोकशाहीचं कामकाज इतक्या जवळून मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दिवाळीनंतर म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात लाइन आली. ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी ताईंचा माझ्या बायकोला फोन आला. हसताना त्यांना बोलता येत नव्हतं. "अगं, सकाळपासून हे एकटे भरतायत. पिंप भरलं, हंडे भरले, पातेली भरली, आता चहाचे कप भरून ओट्यावर मांडलेत. बंद करा म्हटलं तर ऐकेनात. आणि मला खुर्चीत बसवून ठेवलंय. उठले की ओरडतात, तू बस, तू किती कळश्या चढवल्यास ते मला माहीत आहे."

मग त्यांचं हसणं थांबलं. माझी बायको नुसती रिसीव्हर कानाला लावून उभी होती. मग तिने फोन ठेवला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई रडत होती. म्हणाली, इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांना टँकर तेवढा दिसतो, मी दिसतच नाही."