फिजिक्सच्या वर्गातले गोविंदकाका

"सर, अकरावीच्या फिजिक्सला जागा हाय का?"

मी दारातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना नातवाचं नाव विचारलं. "नातू न्हाई, मीच बसणार हाय," म्हणत त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि थेट शेवटचा बाक गाठला.

गोविंदकाका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तेव्हा लातूरच्या गल्लीगल्लीत क्लास निघत होते. मीही चाकूरहून येऊन दोन खोल्यांत माझा क्लास थाटला होता. सातवीत शाळा सोडलेला हा माणूस आठवड्याभरात कंटाळेल, अशी माझी खात्री होती.

ते कंटाळले नाहीत. समजलं नाही की हात वर. "सर, गाडी जरा रिव्हर्स घ्या." वर्ग हसायचा, पण निम्मा वर्ग तिथंच अडलेला असायचा, म्हणून सगळेच कान टवकारायचे. गणितं ते शेजारच्या मुलींकडून समजून घेत. लाजबीज नाही. "येत न्हाई म्हणूनच आलो की!"

सकाळी चहाआधी एक पान वाचायचं, हा त्यांचा नेम. "न्हाई जमलं तर अर्धं. पण गाडी लई दिवस उभी राहिली की बॅटरी उतरती, सर."

हा खटाटोप कशासाठी, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. काकूंची बाज अंगणात होती. त्र्याण्णवचा भूकंप झाला त्या पहाटे काका मुक्कामाची गाडी घेऊन किनवटला होते. इकडे गावातल्या घराचं माळवद, ते जड मातीचं छत, कोसळलं. काकू आणि त्यांची जाऊ शेजारीशेजारी झोपलेल्या. काकूंना दुपारी जिवंत बाहेर काढलं, जाऊ गेली. तेव्हापासून काकू छताखाली झोपल्या नव्हत्या.

"जमीन का हलली, एवढंच इचारती," काका म्हणाले. "लोक म्हणतात पापामुळं. मला काय सांगावं कळंना. म्हटलं, शिकून बघू."

लाटांचा धडा झाला, तेव्हा त्यांनी परातीत पाणी ओतून काकूंना भूकंपाच्या लाटा कशा पसरतात ते दाखवलं. काकू प्रश्नावर प्रश्न विचारत. काका म्हणत, "ठाऊक न्हाई. सरांना इचारून येतो." पुष्कळदा मलाही ठाऊक नसे, मग मी पुस्तकं धुंडाळायचो.

एक दिवस ते काकूंचा खरा प्रश्न घेऊन आले. "पुन्हा कधी हलंल?"

"काका, ते आधी कुणालाच सांगता येत नाही."

ते दाराकडे वळले. मी म्हटलं, "काकूंना काहीतरी धीराचं सांगा."

"न्हाई सर. इतके दिवस खरं शिकवलं, आता खोटं शिकवू?"

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायच्या आधीच काका दारात. डोळे लाल, चेहरा हसरा.

"सांगितलं. तर म्हणली, 'एवढ्या शिकलेल्यांनाबी कळत न्हाई व्हय? मग मी एकटीच कशाला पहारा देऊ?' अन् उशी उचलून आत येऊन झोपली. घोरली बी! मीच जागा राहिलो."

"म्हणजे तुमचा क्लास संपला," मी म्हणालो.

"संपला कसा? आज प्रकाशाचा धडा हाय न्हवं?"

पुढच्या जूनमध्ये पहिल्याच दिवशी दोघं आले. काका शेवटच्या बाकाकडे वळले. काकूंनी एकदा वर छताकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मला मागून दिसत न्हाई." मग मुलींना सरकायला लावून त्या पहिल्या बाकावर बसल्या.