मुदत विचारणारा टोपीकर

जानोजी टोपीकराला पुण्यात नवा माणूस भेटला, की तो नाव विचारत नसे, गाव विचारत नसे, आणि आम्हा पुणेकरांना ज्याच्यावाचून चैन पडत नाही ती जात तर मुळीच नाही. तो विचारायचा, "तुझी मुदत कधी संपते?" पाणी घालणाऱ्या पखालजीला, घोड्यांच्या मोतद्दाराला, पालखीच्या भोयांना, सगळ्यांना हाच प्रश्न. लोक हसायचे आणि पुढे जायचे. मलाही त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, "कारकुनाची मुदत डोळे जातात तेव्हा संपते." ते त्याने अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

मुठेकाठी सरकारी तोफांचे गाडे करण्याचा कारखाना होता. मी तिथला कारकून आणि तो गाड्यांची चाकं करणारा सुतार. त्याचं विलायती नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून गड्यांनी त्याचा जानोजी केला आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला. मराठी तो तोडकं बोलायचा, पण अडून राहत नसे. संध्याकाळी माझ्याबरोबर कसब्यापर्यंत चालत यायचा आणि आमच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचा. काका त्याला वर बोलावत नसत आणि हाकलूनही देत नसत, कारण त्याच्या गोष्टी फुकट होत्या. वडील गेल्यापासून घर काकांचं होतं आणि फुकटची कुठलीही गोष्ट काका सोडत नसत.

विलायतेच्याही पलीकडे समुद्र ओलांडून अमेरिका नावाचा मुलूख आहे, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. त्याच्यापाशी जहाजाचं भाडं नव्हतं. कप्तानाने त्याला तसाच नेला आणि धक्क्यावर एका तंबाखूवाल्या जमीनदाराला विकला. "मला नाही विकलं, माझी सात वर्षं विकली," असं तो बोट वर करून सांगायचा. काकांना हे काही केल्या पटेना. गोरा माणूस आणि गुलाम? मग या लोकांच्या माना आमच्यापुढे एवढ्या ताठ कशा, असं त्यांनी विचारलं. जानोजी म्हणाला, "मुदत संपली ना."

त्या मुलखात मालकाला विटांचं घर होतं आणि चाकरांना गवताची खोपटं. मालक गव्हाचं खाई, चाकर मक्याचं. चाबूक फार झाला म्हणून कुणी फिर्याद केली, तर न्यायाला बसलेला माणूस मालकाचाच मेव्हणा निघे. हे ऐकून काका म्हणाले, "मग त्यांच्या आणि आमच्या मुलखात फरक काय तो मधल्या समुद्राचाच." काका असं खरं बोलून जात आणि त्याचा स्वतःवर काही परिणाम होऊ देत नसत.

आमच्या घरी येसू नावाची कुणबीण होती. कुठल्याशा दुष्काळात आजोबांनी तिला लहानपणी विकत घेतलं होतं. दळण, शेणगोठा, भांडी, सगळं तिच्याकडे. तिची मुलगी तुळशी आमच्याच घरात जन्मली, म्हणून तीही आमचीच. याचं घरात कुणाला काही वाटत नसे आणि मलाही तोवर वाटलं नव्हतं. जानोजीने येसूला तिची मुदत विचारली तेव्हा तिने मुदत म्हणजे काय ते त्यालाच विचारलं. त्याला वाटलं, ही काहीतरी लपवते आहे. तो रोज विचारू लागला. हळूहळू ती अंगणातली भांडी ओट्याजवळ आणून घासू लागली.

त्याच सुमारास माझी बहीण गोदी हिचं लग्न वाईला ठरलं आणि तुळशीला तिच्याबरोबर आंदण द्यायचं, असं काकांनी जाहीर केलं. येसू दळण दळत राहिली. दोन दिवसांनी मात्र तिने जानोजीला विचारलं, "तुमच्या त्या मुलखात मुदत नसलेलं कुनीच न्हवतं का?"

"होता एक," जानोजी म्हणाला. मग त्याने टॉम नावाच्या एका हबश्याची गोष्ट सांगितली. त्याला धरून जहाजाने आणलं होतं आणि त्याला मुदतच नव्हती. हे दोघे एका ताटात जेवत. एकदा दोघे मिळून पळाले आणि दोघे मिळून पकडले गेले. "मला दोन वर्षं वाढवली," जानोजी म्हणाला. "त्याला वाढवायला काही नव्हतंच. म्हणून नुसते फटके." त्या दिवसापासून मालकाने या दोघांना एकत्र बसू दिलं नाही. गोऱ्या चाकरांनी काळ्यांत मिसळायचं नाही, असं सांगून त्याने जानोजीला निराळं ताट दिलं. येसूने विचारलं, "मग?"

"मी घेतलं," जानोजी म्हणाला आणि उठून गेला.

सीमंतपूजनाच्या संध्याकाळी सोप्यावर वाईचे व्याही बसले होते. तुळशी कामाला कशी आहे, याची चौकशी चालली होती. तेवढ्यात येसू पदर खोचून दारात येऊन उभी राहिली. काकांनी तिला आत जायला सांगितलं.

"जाते, धनी. पोरीची मुदत तेवढी सांगा."

माझ्या हातातलं पानाचं तबक तसंच राहिलं. काका पाहुण्यांकडे पाहून हसले, हे एका टोपीकराने भरवलेलं खूळ आहे म्हणाले. पण येसू हलेना. मंगलकार्यात तमाशा नको, म्हणून त्यांनी आवाज मऊ केला. "बरं, तुझी मुदत आज संपली असं समज. उद्यापासून तू मोकळी. पोरगी गोदीबरोबर जाईल. झालं समाधान?"

कुणबिणीला असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. माझी खात्री होती की ती आता पाया पडेल.

"मला नगं, धनी," येसू म्हणाली. "मी हितंच ऱ्हाते. तिचा आकडा सांगा."

व्याह्यांना गंमत वाटू लागली होती. ते म्हणाले, "अहो, सांगून टाका की. बाई आकडाच मागते आहे, कंठी नव्हे." काका चिडले होते आणि चारचौघांत अडकले होते. "बारा वर्षं," ते म्हणाले. व्याह्यांनी सुपारी तोंडात टाकत म्हटलं, "ऐकलं."

तुळशी गोदीबरोबर वाईला गेली. बारा वर्षं भरली तेव्हा ती सगळी थट्टा होती, असं काका म्हणू लागले. पण मानपानावरून दोन्ही घरांत बिनसलं होतं आणि बिनसलेले व्याही काही विसरत नाहीत. काकांचा शब्द खरा करण्याचं पुण्य त्यांनी आनंदाने पदरात पाडून घेतलं. तुळशी कसब्यात परत आली, एका खोलीत राहून पत्रावळी लावून विकू लागली. येसू अखेरपर्यंत आमच्याचकडे राबली. संध्याकाळचं काम आटोपलं की ती लेकीच्या दारात जाऊन बसायची. त्या घरचं अन्न मी आयुष्यभर खाल्लं, पण तिला दारात बसलेली पाहिली की माझ्याने तिच्या नजरेला नजर देववत नसे.

जानोजीने यातलं काही पाहिलं नाही. लग्नानंतरच्या दसऱ्याला तोफखाना दक्षिणेत गेला, त्याबरोबर तोही गेला आणि तिकडेच तापाने वारला. पण सीमंतपूजनाची हकीकत मी त्याला लग्न उरकताच कारखान्यात सांगितली होती. मला वाटलं, बारा वर्षांचं ऐकून तो खूश होईल. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. काकांनी येसूला एकटीला सोडतो म्हटलं, तिथेच तो थांबला. तेवढं त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं.

"ती नको म्हणाली?"

"नको म्हणाली."

त्याने हातातला रंधा खाली ठेवला.  मग माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे नको म्हणता येत होतं."