भाचीचा भाडेकरार

गेल्या महिन्यात दौंडमध्ये, कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीपाशी मला एका मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही... पण झालं तसं.

साक्षी माझ्या नणंदेची मुलगी. नणंद आणि दाजी न्हावऱ्याला असतात, दुसऱ्याच्या रानात कांद्याच्या कामाला जातात. साक्षी इथं बीएस्सीला, एसटीनं रोज येऊन-जाऊन प्रॅक्टिकल सापडेना आणि वसतिगृहात नंबर लागला नाही... मग मामाचं घर आहेच की! दुसरं वर्ष चालू आहे तिचं आमच्याकडे.

बारावीला चांगले मार्क पाडलेली पोरगी गेल्या सेमिस्टरला गणितात कशीबशी निघाली. दाजींनी फोनवर सांगून टाकलं, यंदा पण असंच झालं तर गुमान घरी यायचं, आणि पुढचं मग आम्ही बघू. पुढचं म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. साक्षी आठवडाभर नीट जेवली नाही.

त्यातच आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर स्वाधार योजनेचा मेसेज आला. वसतिगृहात जागा न मिळालेल्या, घरापासून लांब राहून शिकणाऱ्या आपल्या समाजाच्या मुलांना राहण्या-जेवणासाठी मदत मिळते म्हणे. मला चौकशीची भारी खोड... मनात आलं, मामाकडे राहणारी मुलगी घरापासून लांब राहते असं म्हणायचं का नाही? गाव तर लांबच आहे! मग आमच्या ह्यांना आणि साक्षीला घेऊन गेले थेट कॉलेजात.

मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या. दाखले बघितले, न्हावऱ्याचा रहिवासी दाखला बघितला, म्हणाल्या, सगळं बसतंय, आता फक्त भाडेकरार द्या. मी म्हटलं, मामाकडेच राहते हो. तर त्यांनी विचारलं, "मग मामांना भाडं देते का?"

मी उगाच हातातले दाखले सारखे करत बसले. आमच्या ह्यांचा चेहरा मात्र लाल झाला. "मॅडम, भाचीकडनं भाडं घ्यायचं म्हंजी... उद्या बहिणीच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?" एवढं बोलून हे बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर शेजारच्या आप्पांनी तोडगा काढला. म्हणाले, माझी खोली भाड्यानं घेतली असं करारात लिहा, पोरगी राहू द्या तुमच्याकडंच, कोण बघायला येतंय? खोटं कशाला बोलू... मला पटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी स्टॅम्प पेपर आणून टीव्हीवर ठेवलासुद्धा.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते, साक्षी शेजारी बसून लसूण सोलत होती. खाली मान घालून म्हणाली, "मामी, खोटं नका लिहू. मला खरंच खोली करून राहायचंय."

मला राग आला. साफ सांगते, खूप राग आला... ह्या पोरीला आम्ही काय कमी केलं? माझ्या दोन्ही पोरांच्या आधी तिच्या ताटात वाढते मी. तव्यावरची भाकरी करपली तरी माझं लक्ष नव्हतं.

मग माझी चौकशीची खोड आडवी आली. राग बाजूला ठेवून विचारलं, किती दिवस झाले गं हे डोक्यात आहे? म्हणाली, गेल्या दिवाळीपासून. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, मामाचं घर सोडून भाची खोलीत राहायला गेली की लोक म्हणणार, मामीनं काढली. "तुमचं नाव खराब झालं असतं, मामी."

एक वर्ष ही पोरगी माझं नाव राखायला गणितात मागं पडत होती आणि मी तिला विचारत होते, तुझं लक्ष कुठं असतं गं! फार वाईट वाटलं मला. मग पहिल्यांदाच मी नीट आठवून बघितलं, ही अभ्यास करते कुठं? बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत माझी पोरं, आणि स्वयंपाकघरात मी... फोनवर. ती वह्या घेऊन जिन्यात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट द्यायला दर वेळी उठायची.

ह्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले आणि म्हणाले, चला, खोली बघू. दोन गल्ल्या सोडून एका मावशींच्या माडीवर एक खोली मिळाली. वर्गातली एक मैत्रीण पण बरोबर राहायला तयार झाली.

मावशींनी विचारायचं ते विचारलंच. "सख्ख्या मामाचं घर हाय की गावात, मंग पोरीला खोली कशापायी?"

मला वाटलं, झालं... आता हे चिडणार. पण हे शांतपणे म्हणाले, "मावशी, आमच्याकडं माया हाय, जागा न्हाई. तिला गणित सोडवायचंय." आणि डिपॉझिट देऊन भाडेकरारावर स्वतःचं नाव साक्षीदार म्हणून लिहिलं. नणंदेला फोन मीच केला. ती आधी रडली, मग म्हणाली, वहिनी, तुम्ही म्हणताय तर बरोबरच असंल.

फॉर्म भरलाय. मंजूर होतो का नाही, अजून माहीत नाही. रोज एकदा वेबसाइट उघडून बघते... सवय!

काल डबा घेऊन गेले तर तिचं दार लावलेलं. आमच्या घरात तिला लावायला दारच नव्हतं, त्यामुळे ते वाजवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. वाजवलं. आतून आवाज आला, "मामी, दोन मिनिटं थांबा हं, एवढं गणित होऊ द्या."

थांबले की. डबा हातात धरून, जिन्यात, चांगली दहा मिनिटं... आणि खरं सांगते, बरं वाटलं.