हात राखणारे भावोजी

मुलांनो, तुमच्या चुलत आजोबांइतका स्थिर हाताचा डोळ्यांचा डॉक्टर अख्ख्या रत्नागिरीत नव्हता, आणि घरात त्यांच्याइतका निरुपयोगी माणूसही नव्हता. ते माझे धाकटे दीर. मी त्यांना भावोजी म्हणे. उद्या कुणाचा मोतीबिंदू काढायचा असला की आज त्यांचा उजवा हात ‘राखलेला’ असे. राखलेल्या हाताने विहिरीचं पाणी ओढायचं नाही, नारळ सोलायचा नाही, छत्रीसुद्धा धरायची नाही. शिमग्यात पालखी दाराशी आली, सगळी आळी खांदा द्यायला धडपडत होती, आणि हे हात पंच्यात गुंडाळून अंगणात उभे. दुखतो का, असं कुणी विचारलं, तर म्हणाले, “छे, उद्या लांज्याच्या एका आजींचा डोळा आहे.” चहाने हात थरथरतो म्हणून त्यांनी चहा सोडला, आणि वासाने मन चळतं म्हणून आम्हाला मागल्या पडवीत बसून प्यायला लावला.

शस्त्रं परदेशातून येत, पण त्यांच्या गुळगुळीत मुठी आमच्या दमट हवेत घामाने बोटांत फिरतात, ही त्यांची कायमची तक्रार. मग मुठीवर मेण लावलेला दोरा गुंडाळायचा, धरून पाहायचा, उलगडायचा, पुन्हा गुंडाळायचा. किती जाडी बोटांना मानवते हे कळावं म्हणून त्यांनी माझ्या क्रोशाच्या सुया, माझा लिहायचा टाक आणि मिठाचा चमचासुद्धा दोऱ्यात गुंडाळून टाकला. माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा होती, पण टाक सापडे मिठाच्या बरणीत. सराव माशांच्या डोळ्यांवर. बाजारातून आलेली सुरमई चुलीपर्यंत पोचायच्या आत आंधळी झालेली असे.

हेही मी सोसलं असतं. पण सासूबाईंचे दोन्ही डोळे पिकून पांढरे झाले होते. हातखंब्याहून बैलगाडीत पडून आलेली माणसं इथून पाहत परत जात, आणि डॉक्टरची सख्खी आई भिंत चाचपत न्हाणीघरात जाई. मुलाला ती पावलांवरून ओळखे. मी विषय काढला की भावोजी म्हणत, “आईचा डोळा आहे, वहिनी. एवढ्यात नको. शस्त्र अजून हलतंय.” दरवर्षी हेच उत्तर.

एका दुपारी सासूबाई सवयीच्या हाताने विळीवर नारळ खवत होत्या. भावोजी समोर बसून पाहत होते. एकाएकी उठले आणि सुताराकडे गेले. विळी हलत नाही, नारळ हलतो. तर शस्त्रही एका जागी आवळून बसवावं आणि रोग्याचं डोकं अलगद सरकवावं, अशी ती कल्पना. त्या यंत्राखाली पहिला सरंगा मासा सरकवला तेव्हा त्याचा डोळा जागच्या जागी राहिला आणि जबडा निघून आला. चाललंय काय, असं सासूबाईंनी विचारलं. मी काहीही न लपवता सांगितलं.

त्यांनी लेकाला हाक मारली. “काय रे मेल्या, मी काय नारळ आहे खवायला?” मग म्हणाल्या, “विळी हलत नाही, कारण मी तिच्यावर पाय देऊन बसते. तुझ्या हाताखाली काय आहे? वारा?”

भावोजींनी सुताराकडून ते यंत्र मोडून घेतलं आणि एक लहानसा पाट करवला. तो रोग्याच्या डोक्याशी बसे. त्यावर मनगट टेकायचं आणि फक्त बोटं हलवायची. काही रोग्यांचे मोतीबिंदू तसे काढून झाल्यावर सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, “आता माझा.”

शस्त्रक्रियेच्या वेळी मी सासूबाईंचा हात धरून बसले होते. भावोजींचे खांदे कापत होते. पाटावर टेकलेल्या हाताची बोटं मात्र कापत नव्हती.

पट्टी सुटली, पुढे जाड भिंगांचा चष्मा आला. सासूबाईंनी तो चढवला आणि लेकाकडे बराच वेळ पाहिलं. आता शाबासकी देतील, असं आम्हाला वाटलं.

“केस पिकले की रे तुझे,” त्या म्हणाल्या. “कधी?”

 भावोजी त्यांच्या मांडीशी खाली बसले, आणि त्या एकेक पांढरा केस बोटांनी वेगळा करून पाहत राहिल्या.

आता दोघंही नाहीत. माझा हात हल्ली कापतो, म्हणून तोच पाट टेबलावर घेऊन, त्यावर मनगट टेकून तुम्हाला हे लिहिते आहे. टाकही तोच. त्याच्यावरचा तो मेणकट दोरा काढून टाकायचं मी कितीदा तरी ठरवलं होतं. राहून गेलं. आता राहू दे.