शेततळ्याचे तीन मीटर

एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळचे सात. आमच्या शेततळ्याच्या काठावर हजर तिघं – मी, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. पाण्यात त्यांची तेरा वर्षांची मुलगी प्राजू. घड्याळात एकोणीस पूर्णांक सहा सेकंद.

इतकं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. प्राजूने तर ते मुलाखतीतही सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, काय झालं हे मात्र मी बारा वर्षं कोणाला सांगितलं नाही – बायकोलासुद्धा नाही. तिला सांगितलं नाही असं माझ्याकडे फारसं काही नसतं, त्यावरून समजा.

तर आधी माझ्याविषयी. गावात बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे लोक मलाच बोलावतात. माझ्याकडे पन्नास मीटरचा टेप आहे, आणि मी तो ओढला की पुढे कोणी बोलत नाही. संत्र्याची झाडं मी मोजून लावली, खड्ड्यांची खोलीही वहीत लिहिली. लोक हसतात. पण आकड्याला मान देतात – आणि खरं सांगू? त्या मानाची मला चटक लागली होती.

शेततळं खणलं तेव्हा गावातल्या दोन मुली त्यात पोहायला यायच्या. एक आमची प्राजू. दुसरी तिच्याच वर्गातली पूनम. दोघी आधी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकल्या होत्या, आणि आता डबा सोडून अशा सुटायच्या की काठावर उभ्या माणसाला जागच्या जागी धाप लागावी. दिवाळीनंतर तळं काठोकाठ भरलं होतं. मी टेप लावला, या काठापासून त्या काठापर्यंत बरोबर तीस मीटर. दोन्हीकडे लाल खुंट्या ठोकल्या, स्टॉपवॉच आणलं आणि वही सुरू केली.

डिसेंबरातली नोंद अशी: प्राजू बावीस सेकंद, पूनम एकवीस पूर्णांक चार.

म्हणजे पूनम पुढे. तिला त्याचं फार काही नव्हतं. ती बाहेर यायची, ओले केस झटकायची आणि म्हणायची, “काका, घड्याळ बंद करा, भूक लागली.” त्याच महिन्यात तिचे आईवडील ऊसतोडीला गेले, त्या वर्षी जरा उशिराच. धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेलं. प्राजू एकटीच पोहत राहिली, आणि वहीत तिचा आकडा महिन्यामहिन्याला खाली येत गेला. एकवीस. वीस पूर्णांक तीन. आणि त्या रविवारी एकोणीस पूर्णांक सहा! भावाने काठावर अक्षरशः उडी मारली.

“पाह्य, म्या म्हटलं नोतं? आपली पोट्टी म्हंजे मासोई हाय मासोई!”

त्याच आठवड्यात अकोल्याच्या प्रशिक्षकांचा निरोप आला होता. त्यांच्या वसतिगृहात एक जागा होती. एकच. तुमच्याकडच्या मुलींच्या वेळा लिहून पाठवा, सगळ्यात जलद असेल तिला बोलावतो, असं त्यांनी कळवलं होतं. मी रविवारी दुपारी दोन ओळी लिहिल्या. प्राजू १९.६, पूनम २१.४. अंतर तीस मीटर. खाली सही केली, कागद खिशात ठेवला, सकाळी टपालात टाकायचा म्हणून.

आता सोमवारकडे येतो. येतो म्हणतो, पण पाय मागे ओढतात.

सकाळी मोटर सुरू करायला तळ्यावर गेलो. तुम्ही शेततळं पाहिलं असेल तर तुम्हाला एव्हाना कळलंही असेल. विहीर सरळ खाली जाते. शेततळं परातीसारखं असतं – वर रुंद, खाली अरुंद. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर मला एक हिरवी रेघ दिसली, शेवाळाची, दिवाळीतल्या पाण्याची. पाणी त्या रेघेच्या पार खाली होतं. माझ्या लाल खुंट्या वर काठावर होत्या तिथेच, ताठ. बांध सरकतो हे ज्याला पाठ आहे, त्याला पाणी सरकतं हे चार महिने सुचलं नाही! मी खुंट्यांकडे बघत होतो.

टेप लावला. दोरीला धरून खाली उतरलो, दुसऱ्या टोकाला दगड बांधला, दोनदा मोजलं.

सत्तावीस मीटर.

पाणी मीटरभर उतरलं होतं, आणि उतारामुळे तळं दोन्हीकडून दीड-दीड मीटर आखडलं होतं. म्हणजे प्राजूचं पोहणं फारसं वाढलंच नव्हतं. तळं लहान झालं होतं. मी तिथेच, काठावर बसून, खिशातल्या त्याच कागदाच्या मागे हिशेब केला. पुरे तीस मीटर असते तर प्राजूला एकवीस पूर्णांक आठ लागले असते. पूनमचे एकवीस पूर्णांक चार, तेही चार महिने आधीचे. पूनम पुढे होती. अजूनही.

मग? मग मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला सांगायला हवं का? पुढच्या बाजूचा एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा. पेन खिशात होतं.

मी मागचा हिशेब खोडरबराने पुसला – शिसपेन्सिलीने केला होता, तेवढी अक्कल होती – आणि केनवडला जाऊन कागद टपालात टाकला. परतताना भाऊ भेटला. त्याच्या हातात पेढ्यांचा डबा. मी पेढा खाल्ला. चांगला होता, तेही आठवतं. पेढे वाटून झाले होते म्हणून मी गप्प बसलो असं म्हणता येईल. पण टेप गुंडाळला तेव्हा पेढ्यांचं मला काही माहीत नव्हतं. प्राजू माझी पुतणी होती, आणि माझी मोजणी चुकली हे अकोल्याच्या माणसाला कळलेलं मला नको होतं. दोन्ही. कोणतं जास्त, ते अजून ठरत नाही.

पूनम मे महिन्यात परतली. अकोल्याला निघालेल्या प्राजूला पोचवायला स्टँडवर तीच आली, प्राजूची बॅगही तिनेच उचलली. कंडक्टरला सांगत होती, “आमच्या गावची हाय. माह्यापेक्षा दोन सेकंद पुढं!”

मी तिथेच उभा होतो. बॅगेचा दुसरा बंद माझ्या हातात होता.

पुढचं सगळं प्राजूचं स्वतःचं आहे, त्यातला एक सेकंदही मी कमी करणार नाही. पहाटेचे सराव, राज्य, देश – आणि यंदा ती अनेक देशांच्या त्या मोठ्या क्रीडास्पर्धेत उतरली. शंभर मीटर मुक्त शैली, प्राथमिक फेरी, पाचवी लेन. भावाच्या ओसरीत दुपारी टीव्हीसमोर चाळीस माणसं. आठ जणींत आमची सहावी आली, आणि गावाने अशा टाळ्या वाजवल्या की ती पहिली आल्यासारखं वाटावं. समालोचक सांगत होता, तलाव बरोबर पन्नास मीटरचा आहे, सेंटिमीटरचाही फरक चालत नाही. त्यावर आमचे किसनबुवा, वय ऐंशी, गंभीरपणे म्हणाले,

“काहो, ह्या लोकायचं टाकं उन्हायात आटत नाई काय?”

ओसरी हसून लोळली. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी एकटा हसलो नाही, आणि बायकोने ते पाहिलं.

दोन दिवसांनी प्राजूची मुलाखत आली. म्हणाली, काकांच्या वहीतल्या एकोणीस पूर्णांक सहाने मला धीर दिला. गावाने लगेच ठरवलं – सत्कारात ते पान फ्रेम करून लावायचं. भावाने फ्रेमवाल्याला मापही दिलं.

तेव्हा मी प्राजूला फोन केला. सगळं सांगितलं, मीटर-सेंटिमीटरसकट.

“पूनमले सांगतलं काय?”

“नाही अजून.”

“मंग मले काहून पयले फोन केला, काका?” आणि फोन ठेवला.

बरोबर होतं तिचं.

मागच्या रविवारी एसटीने कारंज्याला उतरलो, तिथून ऑटोने पूनमच्या सासरी. तिच्या घरचंही शेततळं आहे, त्यात ते मासे पाळतात. ती कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढत होती. मला पाहून ओरडली, “काहून आले काका असे सकायी सकायी? कोनी मेलं-गिलं नाई ना?”

मी काठावर उभं राहून सांगितलं. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. तिने जाळं सोडलं नाही.

“म्हंजे... मी मांगं नोती?”

“नाही.”

“बारा वर्सं मी सगळ्यायले सांगून राह्यली, सासरीही, का प्राजू माह्यापेक्षा दोन सेकंदानं भारी होती. माह्या पोरीलेही तेच सांगतलं. आन् तुमी आता येऊन राह्यले!”

तिने जाळं काठाकडे ओढलं. मासे जाळ्यात धडपडत होते. मला वाटलं, शिव्या देईल, तयारी होती. मग तिने विचारलं, “टेप आनला काय?”

“आणला.”

“घड्याळ?”

“तेही.”

टेपचं दुसरं टोक तिने स्वतः धरलं. पाण्याच्या कडेपासून कडेपर्यंत, दोनदा. नवऱ्याचा जुना शर्ट घालून ती पाण्यात उतरली, तशी सासू अंगणातून म्हणाली, “आवं, मासे धराले उतरली का शर्यतीले?” पूनम हसली, आणि सुटली.

बाहेर आली तेव्हा धापा टाकत होती. “लय जड झाली मी. पुन्हा लावा.” पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा.

सत्काराच्या फ्रेममध्ये ते पान आता नाही. भावाला खरं सांगितलं, तेव्हापासून पाच दिवस तो माझ्याशी बोललेला नाही, वहिनी बोलते. अकोल्यातली जी जागा मी दुसरीच्या नावावर केली, ती पूनमला परत देता येत नाही, आणि तिने ती मागितलीही नाही.

दिलं ते एवढंच. अंतर चोवीस मीटर चाळीस सेंटिमीटर, त्याच सकाळी मोजलेलं. वेळ वीस पूर्णांक तीन, तिन्हींतली उत्तम. कागदावर लिहून, सही करून, पूनमच्या ओल्या हातात दिलं.