शेवटच्या दिवशी भरलेला चुडा

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, एका मोठ्या दवाखान्यासमोर माझं बांगड्यांचं दुकान आहे. महिनाभर एक परदेशी बाई रोज हातात शहाळं घेऊन समोरून जायची, मान खाली घालून, भराभर. गाडीवरून पडलेला तिचा मुलगा आत होता, एवढं मला ऐकून माहीत होतं.

काल दुपारी ती रमतगमत आली. हातात पैठणीच्या कापडाची पर्स, चिवड्याचं पुडकं, ओठाला कुल्फी लागलेली. चपला काढून बाकावर ऐसपैस बसली आणि एकेक बांगडी उजेडात धरून बघू लागली. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला.

"बेटा कैसा है?" मी विचारलं.

तिने काउंटरच्या काचेवर दोन बोटं चालवून दाखवली. "कल घर," ती म्हणाली. मग मोडक्यातोडक्या हिंदीत, "एक महिना सिर्फ दरवाजा देखा. आज नाशिक देखा."

मी हिरवा चुडा भरायला घेतला. तिचा हात मोठा, बांगडी अंगठ्याशी अडकली. हात दाबून मी ती हळूच वर सरकवली, तशी ती हसली आणि हसताहसताच रडायला लागली.

"दुखलं का ताई?" मी मराठीतच विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली आणि दुसरा हात पुढे केला.