काकूंच्या कार्डावरचं जहाज

वाचनालयाच्या बाईंना सगळे मागून 'नाडीवैद्य' म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून त्या रागवत नसत, उलट मनातून सुखावत. माणूस दारातून आत आला की चष्म्याच्या वरून एकदा त्याच्याकडे बघायचं, आणि तो 'नमस्कार' म्हणेपर्यंत ह्यांचा हात कपाटात गेलेला! "हे घ्या. तुमच्यासारख्यांना आवडतं." झालं, बोलणंच खुंटलं. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं, आणि पुस्तक नेलेलं माणूस कधी भांडायला आलं नव्हतं. येणार कोण? बाईंपुढे तोंड उघडायची कुणाची छाती होती!

कपाटं दोन. टेबलाच्या डाव्या हाताला बायकांचं, उजव्या हाताला पुरुषांचं. पाटी कुठंच नाही, पण गावाला पाठ. डावीकडे घरसंसार, प्रेम, विरह, आजारपणं, दुरावलेल्या बहिणी. उजवीकडे युद्धं, शिकारी, समुद्र, हेर आणि थोरामोठ्यांची चरित्रं. मुलगी जरा उंच झाली की बाई तिला अलगद डावीकडे वळवत, आणि एखादा बाप्या डावीकडे रेंगाळला की "घरच्यांसाठी नेताय का?" असं खणखणीत आवाजात विचारत. बिचारा लगेच "हो हो" म्हणून मोकळा होई. त्यात बाईंचा दुष्टावा नव्हता हो. पुस्तकांवर त्यांचा जीव होता आणि माणसांवरही होता. फक्त आपल्याला माणूस कळतो, ह्याची त्यांना जरा जास्तच खात्री होती.

पुस्तकांना खाकी कव्हरं त्या स्वतः घालत, घट्ट आणि टोकदार घडीची. असं नवं कव्हर पहिल्यांदा उघडताना पाठीपाशी करकरतं आणि मग कायमचं गप्प होतं. परत आलेलं पुस्तक बाई सहज उघडून बघत. करकरलं, म्हणजे नेणाऱ्यानं ते घरी नुसतं उशाशी ठेवलं होतं. ही त्यांची चोर पकडायची युक्ती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

फिटरकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या बायकोला जाऊन दोन महिने झाले होते. काकू अकरा वर्षं सभासद होत्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या, दर शनिवारी कापडी पिशवी घेऊन येणाऱ्या. काका मात्र कधी ह्या दारात दिसले नव्हते. सारा जन्म कारखान्यात यंत्रं जोडण्यात गेलेला, बोटांच्या रेघांमधलं काळं वंगण निवृत्तीनंतरही न निघालेलं. "मला सभासद व्हायचंय," एवढंच म्हणाले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. बाईंना भरून आलं. एकट्या पुरुषाला वेळ खायला उठतो, तेव्हा काहीतरी दमदार हवं. उजव्या कपाटातलं नुकतंच कव्हर घातलेलं एक जाडजूड युद्ध काढून त्यांनी काकांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी ते परत आलं, आणि करकरलं.

मग दर वेळी नवं कव्हर घालून बाईंनी आधी शिकार दिली. करकरली. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचं चरित्र दिलं. यंत्रांतला माणूस, हे तर वाचेलच! तेही करकरलं. आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. सत्तावीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता.

"काका, राग मानू नका, पण तुम्ही उघडून तरी बघता का हो? का नुसतं फिरायला नेता माझ्या पुस्तकांना?"

वर्तमानपत्र वाचणारे दोघेतिघे खुदकन हसले. काकांची मान खाली गेली. पण ते गेले नाहीत. जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली, वाचणारे उठून गेले, तरी हे आपले दाराशी घुटमळत उभे. बाई किल्ल्या घेऊन उठल्या तेव्हा त्यांनी हळूच डाव्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"मला त्यातलं एक हवंय, बाई. सगळ्यांसमोर कसं मागू? म्हणतील, म्हातारा बायको गेली तसा बावचळला."

"कुठलं हवंय?"

"नाव नाही माहीत. गोष्ट माहीत आहे. अर्धी."

मग त्या माणसानं स्टुलावर बसून सांगितलं. वाचायची सवय त्यांना कधीच नव्हती. संध्याकाळी ही भाजी चिरायला बसायची आणि वाचलेलं सांगायची, रोज थोडं थोडं. शेवटची गोष्ट होती एका पोरीची. तिच्या डाव्या हाताला करंगळी नाही, सोबत एक हिरवी पेटी. ती पुरुषाचा कोट घालून मालवाहू जहाजावर चढते, आचाऱ्याच्या हाताखाली राबते, पेटीच्या तळाशी नकाशा लपवते. पुढे जहाज बर्फात अडकतं, कप्तान तापानं पडतो, आणि सुकाणूवर ही पोरगी उभी राहते.

"तेवढ्यात हिचंच दुखणं निघालं," काका म्हणाले. "दवाखान्यात विचारलं तर म्हणाली, उरलेलं घरी आल्यावर सांगते. आलीच नाही. बाई, ते जहाज अजून बर्फातच आहे हो. मला झोप लागत नाही."

बाईंनी काकूंचं कार्ड काढलं. माणूस गेलं की कार्ड रद्द करायचा नियम, पण ह्या कार्डावर फुली मारायला त्यांचा हात धजला नव्हता. शेवटची नोंद बघितली आणि शेजारणीनं मागेच परत आणून दिलेलं ते पुस्तक डावीकडून काढलं. पुस्तक त्यांनी दोनदा वाचलेलं होतं. करंगळी नसलेली मुलगी त्यात होती. हिरवी पेटीही होती. पण ती पेटी लग्नानंतर तिच्याबरोबर सासरी येते आणि तिसऱ्या प्रकरणात माळ्यावर जाते, ती शेवटपर्यंत तिथंच. जहाज? अहो, त्यात साधी होडीसुद्धा नव्हती!

तेव्हाच सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. "हे बघा बरं," म्हणून त्यांनी ते कागदात गुंडाळून दिलं.

नऊ दिवस काका फिरकले नाहीत. दहाव्या दिवशी आले ते बरोबर जेवणाच्या सुट्टीला. पुस्तक टेबलावर ठेवलं.

"ओळ न ओळ वाचली. यात जहाज कुठंय?" आवाज चिरकला होता. "हिनं मला खोटं का सांगितलं असेल, बाई? अकरा वर्षं मी ऐकत होतो. माझी थट्टा करत होती का ही?"

बाईंना एकदम आठवलं. म्हणजे नऊ दिवस त्या जे आठवू देत नव्हत्या ते समोर येऊन उभं राहिलं. काकू पहिल्यांदा आल्या तो शनिवार. उजव्या कपाटापुढे थांबून त्यांनी विचारलं होतं, "समुद्राचं काही आहे का हो? जहाजाबिहाजाचं?" आणि बाई हसून म्हणाल्या होत्या, "अहो, ते रुक्ष असतं, नुसती दोरखंडं आणि शिडं. पुरुषांना बरं. तुम्ही हे न्या, छान रडू येईल." काकूही हसल्या. पिशवीत टाकून घेऊन गेल्या. पुन्हा कधी विचारलं नाही.

आता गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण समोरचा माणूस आपल्या मेलेल्या बायकोला खोटारडी समजून घरी जाणार होता.

"थट्टा नाही, काका," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, स्वतःला पाठीशी न घालता. "त्यांना समुद्र हवा होता, मी दिला नाही. अकरा वर्षं बायकांना म्हणून जे द्यायचं तेच देत राहिले. त्यांनी ह्या कपाटातल्या पेट्या नेल्या आणि घरी जाऊन जहाजांवर चढवल्या. तुम्ही ऐकलंत ते कुठल्याच पुस्तकात नाही. ते त्यांचं स्वतःचं आहे." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "मला माफ करा हो. एकदा तरी विचारायला हवं होतं मी."

काकांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "हिनं सांगितलेले ते दीपगृहातले जुळे भाऊ?"

"नाहीत कुठं."

"आणि ती बेटावरची शाळा? देवमासा?"

"नाही, काका. एकही नाही."

"सगळं हिचं?" म्हातारा रडत होता आणि हसतही होता. "आमची ही! भाजी चिरता चिरता! आणि मी गाढवासारखा म्हणायचो, काय लिहितात हो लोक!"

डोळे पुसून त्यांनी टोपी घातली आणि पुन्हा काढली. "बाई, मग पुढचं आता कोण सांगणार?"

बाई उठल्या, उजव्या कपाटातून समुद्राचं एक जुनं, वजनदार पुस्तक काढलं, त्याला तिथंच बसून नवं कव्हर घातलं. काकांचं कार्ड पुढे ओढलं तर त्यांनी हात आडवा घातला.

"तिच्या कार्डावर द्या."

नियमात बसत नव्हतं. बाईंनी पेन उघडलं आणि काकूंच्या नावाखाली, अकरा वर्षांच्या घरसंसारांखाली, ठळक अक्षरात जहाजाच्या त्या पुस्तकाचं नाव लिहिलं.

पुढच्या तीन आठवड्यांत बाईंची पंचाईत झाली. कुणी आत आलं की हात सवयीनं उठायचा आणि मध्येच थांबायचा. शेवटी "काय वाचावंसं वाटतंय?" असं त्या विचारू लागल्या. लोक गोंधळले. नर्सबाईंनी बावरून हेर मागितला, आणि शिंप्यानं चक्क विरह मागितला, तोही स्वतःसाठी.

काका आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उघडलं, अजिबात करकरलं नाही. पानोपानी वंगणाची पुसट बोटं उमटली होती. एरवी बाईंनी केवढा आरडाओरडा केला असता!

"बर्फ फोडायची रीत मिळाली यात," काका म्हणाले. "बाकीचं मी जोडलं. यंत्रं जोडली तसंच. हिच्याइतकं काही जमलं नसेल." आणि जरा थांबून, "तुम्हाला वेळ आहे का?"

बाईंनी दार लोटलं, डबा बाजूला सरकवला आणि स्टूल पुढे ओढलं.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पोरगी सुकाणूवर उभी आहे."